यूजनेटसाठी विनामूल्य सर्व्हर पुरेसा आहे, की पैसे मोजावेत?

परभणी_गणित
परभणीतील एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे गणित शिकविले. आता निवृत्त आहे. टेक् ही गणिती मजकुराची अक्षरजुळणी करणारी संगणकप्रणाली वापरून मराठीतील जुन्या प्रश्नसंग्रहांची नव्याने जुळणी करण्याचे काम हाती घेतले आहे आणि त्यासाठी यूजनेट या इंटरनेटवरील चर्चागटांच्या जुन्या जाळ्यातील कॉम्प.टेक्स्ट.टेक् हा गट मी नियमाने वाचत असे. फोरट्रान या संगणकभाषेची जुनी ओढ सुटत नसल्याने कॉम्प.लँग.फोरट्रान हा गटही अधूनमधून पाहत असे. हे सर्व गूगल ग्रुप्समधून चालत होते. परंतु २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने यूजनेटवरील नवे लेख घेणे आणि पाठविणे थांबविले, तेव्हापासून मला केवळ जुनेच लेख दिसतात. पुण्याच्या भाच्याने सशुल्क सेवा घेण्याचा सल्ला दिला आहे. त्या सेवांच्या जाहिरातीत ‘५,००० दिवसांहून अधिक रिटेन्शन’ (लेख साठवून ठेवण्याची मुदत) आणि अमर्याद वेग यांचा उल्लेख दिसतो. माझे वाचन दिवसाला शंभर-दोनशे लेखांपलीकडे जात नाही, क्वचित एखादे उत्तर लिहितो. घरी फायबर आहे, मात्र वीज गेली की मोबाइलच्या डेटावरच भागवावे लागते. अशा माणसाने दरमहा पैसे मोजण्यात काही अर्थ आहे काय?

लातूर_टर्मिनल
सर, आपल्या गरजेसाठी पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागचे कारण थोडे सविस्तर सांगतो.

यूजनेटची कल्पना १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी मांडली. त्यात मध्यवर्ती असा एकही संगणक नाही: एका सर्व्हरवर टाकलेला लेख शेजारच्या सर्व्हरकडे जातो, तेथून पुढच्याकडे, आणि प्रत्येक जण आपली प्रत ठेवतो. म्हणून कॉम्प.टेक्स्ट.टेक् गटातील एखादा लेख विनामूल्य सर्व्हरवर वाचला काय आणि महागड्या सर्व्हरवर वाचला काय, अक्षर न् अक्षर तोच असतो. सशुल्क कंपनी आपल्याला वेगळा मजकूर विकत नाही; ती साठवणुकीची मुदत आणि वेग विकते.

आता ही साठवणूक कशाची, हे पाहिले की सगळा उलगडा होतो. यूजनेटवर दररोज येणारा माल शंभर टेराबाइटहून अधिक असतो, पण त्यातील जवळजवळ सर्व माल ऑल्ट.बायनरीज या शाखेतील चित्रफिती, प्रोग्रॅम अशा मोठ्या फायलींचा असतो. माणसांनी लिहिलेला मजकूर त्यात मिठाएवढाही नसतो. पाच हजार दिवसांची ती जाहिरातही या फायलींसाठीच आहे. आपल्याला मोंढ्यातून ओंजळभर तूर हवी आहे आणि भाचा अख्ख्या गोदामाचे भाडे भरायला सांगतो आहे, असा हा प्रकार आहे.

इटर्नल सप्टेंबर हा जर्मनीतून चालणारा विनामूल्य सर्व्हर आपण घ्यावा. तेथे ईमेल देऊन नोंदणी करावी लागते आणि बायनरी, म्हणजे अशा फायलींचे, गट मुळीच मिळत नाहीत. आपल्यासाठी ती उणीव नव्हे, सोयच आहे. (सप्टेंबर १९९३ पासून यूजनेटवर नवागतांचा ओघ थांबलाच नाही, म्हणून जुन्या मंडळींनी वैतागून ठेवलेले हे नाव.) थंडरबर्ड या ईमेल वाचण्याच्या प्रोग्रॅममध्ये न्यूजग्रुप (यूजनेट गट) खाते उघडून पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, ५६३ निवडावा, कारण त्यावर जोडणी कूटबद्ध असते, ११९ हा जुना पोर्ट पासवर्ड उघडाच पाठवतो. जुन्या लेखांचा शोध मात्र गूगल ग्रुप्समध्येच घ्यावा. १९८१ पासूनचा संग्रह तेथे आहे. इतका मागचा मजकूर पैसे घेणारे सर्व्हरही ठेवत नाहीत.

अंबाजोगाईकर
लातूरच्या मित्रांचे म्हणणे मला बहुतांशी मान्य आहे, पण त्यांनी एक बाजू सांगितलेली नाही. विनामूल्य सर्व्हर हा कोणाच्या तरी सौजन्यावर चालतो आणि सौजन्याला मुदतीची हमी नसते. अनेक वर्षे नोंदणीशिवाय लेख पाठवू देणारा आयोईचा सर्व्हर असाच बंद पडला आणि माझ्यासारखे कित्येक जण एका सकाळी बाहेर राहिले. म्हणून फक्त मजकूर देणारी, पण थोडे शुल्क घेणारी सेवा मला योग्य वाटते. बर्लिनमधील इंडिव्हिज्युअल.नेट वर्षाला १० युरो घेते. ही सेवा २००५ पर्यंत विनामूल्य होती, आणि खर्च भागविण्यासाठी शुल्क लावल्यानंतरही टिकून आहे, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

जालना_हिशोब
पैसे भरायचेच ठरले, तर ते कसे भरावेत याचा आधी विचार करावा. या परदेशी सेवांकडे यूपीआय सहसा चालत नाही. आपल्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असण्याची शक्यता मोठी आहे, कारण २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू करून दिले जाते. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ती परवानगी स्वतः द्यावी लागते. त्यावर परकीय चलनाचे शुल्क आणि जीएसटी वेगळा. मी स्वतः एका सेवेची महिनाभराची स्वस्त योजना घेतली होती. दुसऱ्या महिन्यापासून दर तिप्पट होतो, ही ओळ पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत होती आणि ती मला खात्यातून पैसे गेल्यावर दिसली.

त्यापेक्षा ब्लॉक अकाउंट बरे. त्यात महिन्याचे बंधन नसते. ठरावीक जीबी एकदाच विकत घ्यायचे आणि संपेपर्यंत वापरायचे. लेख सरासरी ४ केबीचा धरला आणि आपण रोज दोनशे वाचले, तर १० जीबी सुमारे चौतीस वर्षे पुरतात. तेवढ्यात सरांच्या नातवाचीही निवृत्ती जवळ आली असेल.

परभणी_गणित
सर्वांचे मनःपूर्वक आभार. जालन्याचे गणित मी ताडून पाहिले, बरोबर आहे. काल इटर्नल सप्टेंबरवर नोंदणी केली आणि पोर्ट ५६३ वरून जोडणी झाली. एका अनुभवाची नोंद करतो: गट उघडताच थंडरबर्डने किती शीर्षके उतरवायची असे विचारले, तेव्हा मी ‘सर्व’ निवडले, नेमकी त्याच वेळी वीज गेली होती आणि मोबाइलचा डेटा त्यात खर्ची पडला. पाचशे शीर्षके पुरेशी होती.

अंबाजोगाईकरांची शंका मला पटली आहे, म्हणून हा सर्व्हर बंद पडला तर १० युरोची सेवा घेईन. आज घेत नाही. दरम्यान उपयोगाचे लेख संगणकावर उतरवून ठेवतो आहे. एकच अडचण उरली: मिस्क.टेस्ट गटात देवनागरीत लिहिलेला चाचणी लेख मला नीट दिसला, पण एका परदेशी वाचकाने उत्तर देताना तो उद्धृत केला तेव्हा सर्व अक्षरांची प्रश्नचिन्हे झाली. दोष सर्व्हरचा आहे काय?

लातूर_टर्मिनल
नाही सर. लेख आपल्याला परत नीट दिसला, याचा अर्थ सर्व्हरने तो जसाच्या तसा ठेवला आहे. त्या वाचकाचा प्रोग्रॅम जुना असावा आणि उत्तर पाठविताना त्याने यूटीएफ-८ या सर्व लिपी सामावणाऱ्या संकेतपद्धतीऐवजी युरोपीय लिपींचा संच वापरला असावा; त्या संचात देवनागरी नसल्याने प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह पडते. आपल्या लेखाचा स्रोत उघडून शीर्षभागात यूटीएफ-८ असा उल्लेख आहे का, एवढे पाहावे. तो असेल, तर आपल्याकडून काहीही बदलायचे नाही, आणि पैसे भरूनही ही अडचण सुटली नसती.