व्हिडिओगेम पार्लरमधले गेम घरी खेळायला ६ हजारांत काय घ्यावं?

डोंबिवलीकर: मुस्तफा, मेटल स्लग, पॅकमॅन यांवर वाढलोय. आता तेच घरच्या टीव्हीवर बायको-मुलीबरोबर खेळायचंय. बायको फक्त कँडी क्रशवाली, मुलगी नववीत, तिला शूटिंग लागतं. जुना लॅपटॉप आहे. बजेट ६ हजार, त्यापुढे नाही.

टेबलफॅन: डोळे झाकून सोनीचा पीएस५ कन्सोल घ्या. माझ्याकडे आहे, पैसा वसूल.

खारा_वारा: अहो, ६ हजार म्हणतायत ते! बजेट वाढवता आलं तरच, तर निन्टेन्डोचा स्विच कन्सोल बघा. मी तोच घेतला, मेटल स्लग अधिकृत मिळतो. निन्टेन्डो भारतात थेट विकत नाही, त्यामुळे बाहेरून आलेला घ्यावा लागतो आणि वॉरंटीची बोंब, एवढंच.

आजोळ: शेकडो गेमवाले स्वस्त डबे अजिबात नकोत. माझ्यात तेच ते गेम नावं बदलून भरलेले. उडी मारायचं बटण आत रुतलं ते वर आलंच नाही. दुकानदाराने हात वर केले.

टेबलफॅन: कँडी क्रशवाल्यांसाठी खर्च कशाला? तो टाइमपास. खरा गेम म्हणजे एकेका बॉसशी, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या तगड्या शत्रूशी, रात्रभर झुंज.

वैदेही_म: साफ चूक. पॅकमॅन (१९८०) बनवताना तोरु इवातानींना पार्लरमध्ये मुलींनी, जोडप्यांनीही यावं असं वाटत होतं. एक जॉयस्टिक, मारायला बटण नाही, बघताक्षणी कळतो. टिकून राहणं मात्र महाकठीण. मग तो कॅज्युअल (टाइमपासवाला) की कोअर (कसलेल्यांचा)? पहिलं नाणं पडायला खेळ सोपा हवा, दुसरं पडायला माणूस लवकर मरायला हवा. कँडी क्रशचे पाच जीव आणि अर्ध्या तासाला नवा एक, हे तेच गणित. वहिनींना कमी लेखू नका.

खारा_वारा: मुस्तफा, म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स (१९९३), अधिकृत कुठेच नाही. तो कॉमिकवरून केलेला, हक्कांचं घोंगडं भिजत पडलंय. तो बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीने २०१८ मध्ये जुन्या मारामारीच्या गेमांचा संच काढला, त्यातही नाही.

झाकोळ: लॅपटॉप आहे ना? एचडीएमआय केबल, दोन यूएसबी गेमपॅड, काम झालं. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) कॅपकॉम आर्केड स्टेडियम हा त्यांच्या जुन्या पार्लर गेमांचा संच आहे. जॉयस्टिकच घ्यायची तर खालचं गेट (दांडा कुठल्या दिशांना वळेल ते ठरवणारी चौकट) चार दिशांचं करता येतं का ते विचारा. आठ दिशांच्या गेटवर हात जरा तिरका गेला की पॅकमॅनचं वळण हुकतं आणि भूत गाठतं.

सातारकर: पीएस५च घ्या. पुन्हा पुन्हा खर्च नको.

डोंबिवलीकर: सगळ्यांचे आभार. पॅड नाही, कन्सोल नाही. एकच आर्केड जॉयस्टिक घेतोय, गेट बदलता येणारी. पाळीपाळीने खेळू. एक खेळणार, बाकीचे मागून ‘डावीकडे, डावीकडे!’ ओरडणार. मला तेच हवंय. रविवारी मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठतो.

झाकोळ: रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. शनिवारी जा.