मदत हवी आहे: तीन लॅबच्या मायक्रोस्कोपवरचे आकडे एका आलेखात कसे आणायचे?

नमस्कार मंडळी,

मी जीवशास्त्रात पीएचडी करतेय. फळमाशीच्या अळीची विंग डिस्क (जिच्यातून पुढे पंख बनतो तो पेशींचा भाग) काढायची आणि त्यात जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) किती चमकतो ते मोजायचं, हे माझं काम. आमच्या लॅबमध्ये साधा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप आहे, पाऱ्याचा दिवा आणि ८ बिटचा कॅमेरा असलेला. बाकी दोन लॅबकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे कॉन्फोकल (लेझरने एकेक थर टिपणारे मायक्रोस्कोप) आहेत, दोन्ही १२ बिटचे. स्लॉट मिळेल तिथे फोटो घेतलेत, पण प्रत्येक बॅचचे कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) आणि म्युटंट (जनुकात बदल असलेले) एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, त्याच सेटिंगला.

आता सरांना सगळ्या बॅच एकत्र हव्यात. एक सीनियर म्हणतात, ८ बिटच्या आकड्यांना १६ ने गुण, झालं. ८ बिटची ० ते २५५ची पट्टी १२ बिटच्या ० ते ४०९५च्या जवळ जाईल हे खरं (पायऱ्या मात्र २५६च राहतील), पण गेन (सिग्नल किती वाढवला), ऑफसेट (शून्य कुठे धरलं), ऑब्जेक्टिव्हचं एनए (भिंगाची प्रकाश गोळा करायची क्षमता) हे सगळं वेगळं असताना त्या गुणाकाराला काय अर्थ? दोन्ही कॉन्फोकलवर ४८८ नॅनोमीटरचा लेझर ५ टक्क्यांवर ठेवून ऑब्जेक्टिव्हपाशी पॉवर मीटर धरला, तर रीडिंग चक्क वेगवेगळं आलं. पाऱ्याचा दिवा तर दोन-तीनशे तासांत उतरतोच.

माझा विचार असा: बॅकग्राउंड वजा करायचं, मग म्युटंटला त्याच बॅचच्या कंट्रोलच्या सरासरीने भागायचं आणि फक्त ही गुणोत्तरं एकत्र करायची. पण ८ बिटच्या काही फोटोंत डिस्कच्या मधले पिक्सेल २५५ला, म्हणजे कमाल आकड्याला टेकलेत. तिथे खरी चमक किती होती ते कळायला मार्गच नाही. ते फोटो गाळावेत की ती बॅचच सोडावी? फक्त उजळ फोटो गाळले तर सरासरी खाली ओढली जाईल, ही भीती आहे.

दुसरं, एका लॅबने जागा नाही म्हणून मूळ फाइली उडवून जेपेग तेवढे ठेवलेत. मोजमापासाठी ते मी घेणार नाही, यावर मी ठाम आहे. पुन्हा असं होऊ नये म्हणून विभागात ओमेरो (मायक्रोस्कोपचे मूळ फोटो साठवायचं सॉफ्टवेअर) सर्व्हर बसवावा असं फार वाटतं. १०२४ बाय १०२४, तीन चॅनल, चाळीस स्लाइसचा १६ बिट स्टॅक (थरांच्या फोटोंचा संच) म्हणजे साधारण २५० एमबी. विद्यापीठात कुणी तो चालवतंय का? बॅकअप कोण बघतं?

आणि यंत्रं महिन्याच्या महिन्याला ताडून पाहायला तुम्ही फ्लुओरेसंट बीड्स (चमकणारे बारीक मणी) वापरता की प्लास्टिकची स्लाइड? पुढची बॅच लावण्याआधी हे ठरवायचंय.