बिडाच्या तव्यावर धिरडे चिकटते आणि गंजही चढतो

प्रश्न : महिन्यापूर्वी सोलापुरात मंगळवार पेठेतून बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा आणला, परंतु त्यावर धिरडे चिकटते, आणि रात्री धुऊन ठेवला की सकाळी तांबूस गंज दिसतो. काय चुकत असावे?

उत्तर : आपण तवा ओलाच ठेवत असाल. गंज घासून काढावा, तवा आचेवर पूर्ण कोरडा करावा आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर निघेपर्यंत तापवावा, म्हणजे तेल घट्ट होऊन जो काळा, कडक थर बसतो तोच पदार्थ चिकटू देत नाही. असे चार-पाच वेळा करावे. तेल जास्त झाल्यास तवा चिकचिकीत होतो.

उत्तर : आमच्याकडे त्यासाठी शेंगदाण्याचेच तेल वापरतात. चिंचेची आमटी मात्र बिडाच्या कढईत शिजवू नये, कारण आंबटाने थर उतरतो आणि आमटी काळपट होऊन तिला लोखंडाची चव येते. शेंगाचटणीचे दाणे भाजायला याच कढईसारखी दुसरी नाही.

उत्तर : तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये, बीड ठिसूळ असते. सासूबाईंचा तवा असाच तडकला, त्याचा अर्धा तुकडा अजून तुळशीजवळ पडून आहे.