बीकॉमनंतर एलएलबी करू का? वकिली आपल्याला जमेल का हे आधी कळतं कसं?

राजारामपुरीकर_मुलगी:
बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच. घरी चुलत्यांबरोबर वाटणीचा दावा चाललाय, त्याचे सातबारे फेरफार सगळे कागद मीच लावून ठेवते आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा येते. त्यात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आल्यापासून जो तो म्हणतोय लॉ कर, आता इथंच स्कोप आहे. पण पप्पा म्हणतात तू पाव्हण्यांसमोर चार वाक्यं बोलत नाहीस, कोर्टात काय बोलणार? सीईटीचा फॉर्म भरायच्या आधी ठरवायचंय. कोणी प्रॅक्टिस करत असेल तर सांगा.

बावड्याचा_वकील:
बोलण्याचं आधी डोक्यातून काढ. दिवाणीत निम्म्याहून जास्त वकिली कागदावर होते, दावा, कैफियत म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, निशाणी 5 चा म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. उलटतपासात पण आवाज चढवून काय होत नाही, साक्षीदार म्हणतो वाटणी आधी झाली आणि फेरफाराची तारीख सांगते नंतर, हे ज्याला आदल्या रात्री दिसलं त्याचं काम झालं. तुला कागद आवडतात ना, मग अर्धी लढाई झाली.
खरा कस थांबण्यात लागतो. सकाळपासून बोर्डाकडं, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीकडं, बघत बसायचं, दुपारी पुकारा होतो आणि समोरचा मुदत मागतो. मग गगनबावड्यावरनं एसटीनं आलेल्या म्हाताऱ्या अशिलाला पुढची तारीख आपणच सांगायची, आणि तो म्हणतो "पुन्हा?" हे रोज झेपणार का ते बघ. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं, मोबाईल बंद करून कसबा बावड्यात जिल्हा कोर्टात आठवडाभर मागं बसून ये. फौजदारीत नको, तिथं बघायला सगळ्यांनाच भारी वाटतंय.

ज्युनियर_अजून:
पैशाचं कोणी बोलंना म्हणून मी बोलतो. बार कौन्सिल ऑफ इंडियानं 2024 ला ज्युनियरला शहरात महिना 20 हजार, ग्रामीण भागात 15 हजार द्या असं सुचवलंय, पण नुसतं सुचवलंय, सक्ती नाही. मला सुरुवातीला पेट्रोल सुटायचं बस. पहिली काही वर्षं घरचा आधार लागतो, हे पप्पांशी आधी बोल. बेंच 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालं, सहा जिल्ह्यांचं काम आता मुंबईला न जाता इथं चालतं हे खरं, पण हायकोर्टाचं काम इंग्रजीत, त्यामुळं इंग्रजी ड्राफ्टिंग पक्कं नसेल तर बेंच दारात असून उपयोग नाही.

पुण्यात_नोकरी:
वकील म्हणजे काळा कोटच असं नाही हो. मी कंपनीत काँट्रॅक्ट बघते, कोर्टाचं तोंड क्वचित. पण पूर्णवेळ नोकरी धरली की सनद म्हणजे वकिलीचा परवाना स्थगित ठेवावी लागते, दोन्ही एकदम चालत नाही. आणि न्यायाधीश व्हायचं डोक्यात असेल तर मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणलीय, एलएलबी झालं की लगेच परीक्षा असं धरून चालू नकोस.

राजारामपुरीकर_मुलगी:
थँक्यू सगळ्यांना. दिवसा जॉब करत एलएलबी होईल का? आणि बसायला आमच्याच दाव्याच्या तारखेला गेले तर चालेल?

बावड्याचा_वकील:
70 टक्के हजेरी लागते, त्यामुळं फुल टाइम जॉब विसर. आणि घरच्या दाव्याला नको, तिथं तू चुलत्यांचं तोंडच बघत बसशील. ई-कोर्ट्सच्या साइटवर बोर्ड दिसतो, त्यात पुराव्याच्या स्टेजला असलेल्या केसेस बघ आणि त्या कोर्टात जाऊन बस.