[मंडळ-गप्पा] माझा कॉम्प्युटर रडतोय, फॉरमॅट मारू का?

प्रेषक: माई
शुक्रवार, रात्री

मंडळी, नमस्कार.

विषय मंडळाचा नाही, पण स्मरणिकेचं काम माझ्याच कॉम्प्युटरवर अडून बसलंय, म्हणजे थोडा मंडळाचाही आहे. डेस्कटॉपला यंदा दहा वर्षं होतील. सकाळी बटण दाबते, आंघोळ उरकून येते, तरी पडद्यावरचं गोल फिरतंच असतं. काल घड्याळ लावलं: पहिली फाइल उघडेपर्यंत साडेसहा मिनिटं. मध्येच आतून कुरकुर कुरकुर आवाज येतो. मुलगा म्हणतो फेकून दे, शेजारचे म्हणतात फॉरमॅट मार. विंडोज १० आहे. कुणाचं ऐकू?

माई


प्रेषक: भाऊ
शुक्रवार, रात्री

माई, फॉरमॅट अजिबात नको! खाली लिंक देतोय, फुकट क्लीनर आहे. एका क्लिकमध्ये सगळी रजिस्ट्री (विंडोजची नोंदवही) साफ. माझ्या लॅपटॉपवर त्याने १,४०० चुका शोधून काढल्या. आणि डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेल्या फाइली सलग लावणं, रोज करत जा.

भाऊ


प्रेषक: चिटणीस
शनिवार, सकाळी

डाउनलोडच्या लिंका यादीवर टाकायच्या नाहीत, हे आपलं ठरलेलं आहे. भाऊंची लिंक काढली आहे. चर्चा चालू द्या, पण उत्तर देताना खालची सगळी मेल पुन्हा चिकटवू नका, ही हात जोडून विनंती.


प्रेषक: अण्णा
शनिवार, सकाळी

माई,

अजून काही दाबू नका आणि काही उतरवून घेऊ नका. दुखतंय कुठे ते कळल्याशिवाय औषध कसलं द्यायचं? कॉम्प्युटर रडत असेल नेमकं तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी दिसली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. वरच्या ओळीत सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांच्या डोक्यावर टक्के दिसतील, ते तीन आकडे कळवा. मग 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन मेमरी किती जीबी आहे आणि डिस्कसमोर एचडीडी (जुनी, फिरणारी हार्डडिस्क) लिहिलंय की एसएसडी (न फिरणारी, चिपवाली), तेही बघा.

भाऊ, तुमच्या त्या १,४०० चुका म्हणजे बहुतेक काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या मागे राहिलेल्या नोंदी. फोनच्या डायरीत जुने नंबर पडून असले म्हणून डायरी उघडायला वेळ लागत नाही. मात्र सफाईच्या भरात चालू नंबर खोडला गेला की पंचाईत. असल्या रजिस्ट्री क्लीनरना मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

अण्णा


प्रेषक: माई
शनिवार, दुपारी

सीपीयू ११, मेमरी ६८, डिस्क १००. मेमरी ८ जीबी, डिस्कसमोर एचडीडी. अण्णा, १०० म्हणजे डिस्क भरली का? पण ती तर अर्ध्याहून जास्त रिकामी दिसते!

माई


प्रेषक: अण्णा
शनिवार, संध्याकाळी

माई, छान काम केलंत. १०० म्हणजे डिस्क भरलेली नाही, तिला क्षणाची उसंत नाही.

हार्डडिस्कच्या पोटात तबकड्या फिरतात, मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे. तुमची ७,२००ची धरू. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी सुईला योग्य वर्तुळावर सरकावं लागतं, त्याचे अंदाजे ९. एक तुकडा आणायला झाले साधारण १३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला पाऊणशे तुकडे, फार तर ऐंशी. आणि विंडोज सुरू होताना शेकड्यांनी फाइली मागते, त्याही इथली एक नि तिथली एक. त्यात अँटिव्हायरस, अपडेट, फाइलींची सूची करणारं सर्च, सगळे एकाच दारात गर्दी करतात. तुमचा प्रोसेसर ११ टक्क्यांवर आहे, म्हणजे तो बिचारा हातावर हात ठेवून सामानाची वाट बघतोय.

एसएसडीत फिरणारं काही नसतंच. साध्यातली साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारोंनी तुकडे उचलते. डबा जुना, प्रोसेसर जुना, तरी तेवढ्या एका बदलाने मशीन ओळखू येत नाही.

रॅम, म्हणजे तीच मेमरी, वाढवून तुम्हाला फारसं काही मिळणार नाही. मेमरी ९०-९५ टक्क्यांवर असती तर गोष्ट वेगळी. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज त्यातलं सामान डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. हार्डडिस्कवर ही ने-आण म्हणजे मरण. ४ जीबीवाल्यांचा छळ बहुतेक वेळा हाच असतो.

फॉरमॅटचं म्हणाल तर, फॉरमॅट मारल्यावर महिनाभर बरं वाटतं, कारण सुरुवातीला दाटी करणारे प्रोग्रॅम गेलेले असतात. तबकडी मात्र तेवढ्याच वेगाने फिरते.

मला काळजी आहे ती त्या कुरकुरीची. नुसती सुईची धावपळ असेल तर ठीक, पण खात्री करून घेऊ. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा प्रोग्रॅम मूळ साइटवरूनच घ्या (चिटणीस, लिंक देत नाहीये). उघडल्यावर वर निळं 'गुड' दिसतं की पिवळं 'कॉशन', आणि सी५ या ओळीत शेवटी काय लिहिलंय, ते कळवा.

अण्णा


प्रेषक: ग्रंथपाल
शनिवार, रात्री

अण्णा, सगळं खरं, पण एक मुद्दा राहिला. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरच्या वापरासाठी नोंदणी करून वाढीव सुरक्षा-अपडेट मिळतात, त्यांची जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ची. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि प्रोसेसरही ठरलेल्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, आणि ती पिढी आली २०१७ला. माईंचं मशीन त्यात बसायचं नाही. मग त्यात एसएसडी घालून उपयोग काय?

मी वाचनालयाच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकलीय, तिची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. त्यांच्या सांगण्याप्रमाणे किमान २ जीबी रॅम, आरामात चालायला ४. पुस्तकांची यादी, मेल, व्हिडिओ, सगळं निमूट चालतं. देवनागरी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. पेनड्राइव्हवरून सुरू करून डिस्कला हात न लावता आधी पाहताही येतं.


प्रेषक: अण्णा
रविवार, सकाळी

मुद्दा रास्त आहे. पण मिंट टाकलं तरी ते त्याच तबकडीवरून सुरू होणार ना? एसएसडी दोन्ही वाटांवर लागणारच. आणि पुढेमागे मशीन बदललंच तर एसएसडी काढून घेता येते. पेटीत घालून बाहेरची डिस्क म्हणून वापरा, नाहीतर नव्या डेस्कटॉपमध्ये जोडा. वाया जात नाही.

अण्णा


प्रेषक: माई
रविवार, सकाळी

पिवळं आहे हो. कॉशन. सी५ पुढे बरीच शून्यं आणि शेवटी १८.


प्रेषक: अण्णा
रविवार, सकाळी, दहा मिनिटांनी

माई, कॉम्प्युटरवर दुसरं काहीही करू नका. तो आकडा सोळाच्या अंकपद्धतीतला आहे, म्हणजे आपले २४. डिस्कवरच्या २४ जागा अशा आहेत की तिला त्या धड वाचता येत नाहीत. ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, म्हणून कुरकुर आणि म्हणून तुमचा रोजचा खोळंबा. अशी डिस्क कधी वर्षभर चालते, कधी उद्या सकाळी उठत नाही.

बाहेरची डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह आणा आणि आधी जे परत मिळणार नाही ते उचला: फोटो, पत्रं, स्मरणिकेच्या फाइली. सिनेमे, गाणी शेवटी. एखाद्या फाइलवर गाडी अडली तर ती सोडून पुढे जा, तिच्यापायी डिस्कला दमवू नका. डीफ्रॅग नको, चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) नको. एरवी मी जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन करायला सांगितली असती, पण खराब जागांवर क्लोन मध्येच आपटतो, आणि पूर्ण झालाच तरी फाटक्या फाइलीही सोबत येतात. तेव्हा नवी एसएसडी आणि त्यावर कोरं विंडोज. विंडोज १०चा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. टाकताना चावी विचारली तर 'माझ्याकडे चावी नाही' निवडा आणि होती तीच आवृत्ती टाका. इंटरनेट मिळालं की परवाना आपोआप लागू होईल.

अण्णा


प्रेषक: भाऊ
रविवार, दुपारी

माई, बरं झालं अण्णा वेळेवर आले. मी तर त्या डिस्कला रोज डीफ्रॅग करायला लावत होतो. माफी.

अण्णा, माझं काय? माझ्या लॅपटॉपला एसएसडी आहे, रॅमही १६ आहे, तरी सुस्त. रोज रात्री व्यवस्थित बंद करतो.


प्रेषक: अण्णा
रविवार, रात्री

भाऊ, ते 'व्यवस्थित बंद' हेच बघा. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही, डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उठतो. एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर तोही तसाच झोपून तसाच उठतो. रीस्टार्ट केलं तरच सगळं नव्याने सुरू होतं. तेव्हा आज एकदा शटडाउन न करता रीस्टार्ट करा. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'मधल्या सीपीयूखाली 'अप टाइम' दिसतो. माझ्या बायकोच्या लॅपटॉपवर तो ४१ दिवस निघाला होता, आणि ती रोज रात्री बंद करत होती.

मग 'स्टार्टअप' टॅबमधले नको ते बंद करा. विंडोजच्या डिफेंडरखेरीज बाहेरचे दोन अँटिव्हायरस असतील तर त्यातला एकच ठेवा. दोघं एकच फाइल एकाच वेळी उघडून तपासत बसतात. ब्राउझरमधली एक्स्टेन्शनं बघा. तो क्लीनर काढा. आणि थोड्या वेळाने पंखा विमानासारखा ओरडायला लागून मगच मशीन मंदावत असेल, तर आत धूळ साचलीय. तापलं की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. पूर्ण बंद करून हवेच्या डब्याने धूळ उडवा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते नको तितक्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं.


प्रेषक: भाऊ
सोमवार, सकाळी

अप टाइम: ६३ दिवस. मी काही बोलत नाही.


प्रेषक: माई
पंधरा दिवसांनी, रविवार

मंडळी,

झालं एकदाचं. सगळी कॉपी व्हायला दीड दिवस लागला. अकरा फोटो गेले, त्यातले नऊ फोनमध्ये सापडले. पुतण्याने एसएसडी बसवली. जुन्याच दोन वायरी नव्या डिस्कला लागल्या, वीस मिनिटांचं काम. परवाना खरंच आपोआप लागला. बटण दाबल्यापासून फाइल उघडेपर्यंत आता अडतीस सेकंद. आंघोळ पुन्हा वेगळ्या वेळी करावी लागते.

ग्रंथपालबाई, तुझं मिंटही पेनड्राइव्हवरून लावून पाहिलं. आवडलं. टायपिंगला काही अडचण नाही. पण स्मरणिकेच्या पानांची मांडणी करायचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, म्हणून अंक छापून होईपर्यंत हे वाढीव अपडेटवालं विंडोज. त्यानंतर तू घरी ये.

एक गंमत मात्र अण्णांनीही सांगितली नव्हती. नव्या विंडोजवर जुन्या स्मरणिका उघडल्या, तर 'संपादकीय'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं, मांजर कीबोर्डवर चालून गेल्यासारखी. फाइली श्रीलिपीतल्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या टायपिंगच्या, जे तिचे फॉन्ट असले तरच वाचता येतं, आणि ते फॉन्ट मी उचललेच नव्हते. विंडोजच्या आतल्या फॉन्टच्या फोल्डरकडे बघायचं सुचतंय कुणाला! मग त्या आजारी डिस्कला यूएसबीची केबल लावून पुन्हा एकदा उठवलं. दोनदा उठलीच नाही. तिसऱ्यांदा उठली, फॉन्ट दिले, आणि संध्याकाळी विंडोजला दिसेनाशी झाली. आता ती ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर माझे सगळे कागद होते, तेव्हा भंगारात देण्याआधी काय करायचं, अण्णा, तेवढं सांगा.

आणि लेखकांनो, या अंकापासून लेख युनिकोडमध्येच (कुठल्याही मशीनवर नीट दिसणारं टायपिंग) पाठवा. श्रीलिपीतला आला तर परत पाठवीन, मग तो चिटणिसांचा का असेना.

माई


प्रेषक: अण्णा
रविवार, रात्री

माई, विंडोजला दिसतच नाही म्हणजे पुसायचा मार्ग बंद. पण आतल्या तबकड्या शाबूत आहेत, त्यावरचं काढणारे काढू शकतात. डिस्क कुणाकडे तरी द्या आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून तबकड्यांतून ड्रिलने दोन-तीन आरपार भोकं पाडायला सांगा. हातोडा नको, काही डिस्कमधल्या तबकड्या काचेच्या असतात.

फॉन्टचं मला सुचायला हवं होतं.

अण्णा


प्रेषक: चिटणीस
सोमवार, सकाळी

माझा लेख श्रीलिपीत टाइप करून तयार आहे. तो युनिकोडमध्ये कसा नेतात? नवा विषय उघडून विचारतो.