मदत हवी आहे: कॉर्डलेसचा दुसरा हँडसेट बेसला जोडलाच जात नाही

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला, रामबागेत राहतो. आईचे गुडघे दुखतात, जिना उतरवत नाही, म्हणून दोन हँडसेटचा कॉर्डलेस घेतला. फायबरच्या मोडेममागे फोनची वायर लावली, डायल टोन लगेच आला. दोन्ही हँडसेट १६ तास चार्ज केले. खालचा उत्तम चालतो. वरचा मात्र ‘बेस शोधत आहे’ यापुढे सरकत नाही. बेसचं बटण दाबून धरलं, पिन ०००० टाकला, तरी ढिम्म! अगदी बेसशेजारी धरूनही तेच. सेल रिचार्जेबलच आहेत, साधे नाहीत.

शिवाय कुणाचा फोन आलाय तो नंबर दिसत नाही. सेटिंगमध्ये त्यासाठी एफएसके आणि डीटीएमएफ (लाइनवरून नंबर पाठवायच्या दोन पद्धती) असे पर्याय आहेत, कोणता ठेवू? दुकानदार म्हणतो, ‘आईंना मोबाईलच द्या ना.’ तो दिलाय हो, कपाटात पडून आहे.