अनुभव धागा: अप्रेझलला तुमचं कुणी ऐकून घेतलंय?

एप्रिल आला की अप्रेझल, म्हणजे वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन. यंदा माझ्या टीममधल्या सातही जणांशी बोलताना मी रेटिंगचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘काम मनासारखं झालं असा एक दिवस सांग. तेव्हा काय जुळून आलं होतं?’ ही पद्धत मानसशास्त्रज्ञ अवराहम क्लुगर यांची. १९९६ मध्ये त्यांनी आणि अँजेलो डिनिसी यांनी फीडबॅकवरचे ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी फीडबॅकनंतर काम खालावलं होतं! पुढे क्लुगर ऐकण्याच्या अभ्यासाकडे वळले.

एका मुलीला मी ‘संथ’ असा शेरा देणार होते. तिचा मनासारखा दिवस कोणता? टीममधले बाकीचे रजेवर होते तो. एरवी नव्या मुलांच्या शंका तीच सोडवत बसते, हे मला वर्षभर दिसलंच नाही. फार वाईट वाटलं.

तुमचे अनुभव लिहा.

सीएनसी ऑपरेटर, चाकण
रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे पार्ट, वाढलं की ऑफिसात बोलावून आकडे दाखवायचे. आपण मान खाली घालून ‘हो साहेब’ म्हणायचं. नवे साहेब थेट मशीनपाशी आले. म्हणाले, ‘दाखव, कुठं अडतंय?’ आणि गप्प उभे राहिले. एका लॉटचं कास्टिंग, म्हणजे ओतीव पार्ट, मशीनवर पकडायच्या फिक्स्चरमध्ये नीट बसतच नव्हतं. मला तीन महिने माहीत होतं, पण विचारलं कुणी?

शिक्षिका
पाठ निरीक्षण झाल्यावर मोठ्या बाईंनी वही मिटली आणि विचारलं, ‘तुम्हाला कसा वाटला तास?’ माझ्या चार चुका मीच सांगितल्या. त्यांनी एकही काढली नव्हती.

बँक कर्मचारी
माझा अनुभव कडू आहे. साहेब म्हणाले, ‘मोकळेपणानं बोल.’ वडिलांच्या आजारपणामुळं टार्गेट जड जातंय, हे मी सांगितलं. शेऱ्यात आलं, ‘घरगुती अडचणींमुळे लक्ष नाही.’ त्यानंतर मी तिथं कधीच काही बोललो नाही.

धागाकर्ती
हे वाचून रात्रभर अस्वस्थ होते. माझ्याही हातात त्याच महिन्यात रेटिंग होतं, मग त्या सात जणांनी तरी सगळं कसं सांगितलं असेल? पुढच्या वर्षी हे बोलणं मी ऑक्टोबरातच करणार आहे, आणि त्यातलं काहीही कागदावर घेणार नाही.